डोंगर वाचायचा तर सांधा शोधा

पठार, मैदान, खाडी, पुळण यांच्या व्याख्या वर्गात मीही लिहून दिल्या. परीक्षेला त्या लागतात. पण मुलांना घेऊन सह्याद्रीत, देशावर आणि कोकणात हिंडू लागलो तसं ध्यानात येत गेलं, की एखादी जागा अशी का झाली याचं उत्तर बहुधा तिच्या कडेला मिळतं. कठीण थर संपून मऊ सुरू होतो, कातळ संपून माती लागते, गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, तिथे घडामोड चालू असते. भूगोल नव्याने शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी मांडतो. बहुतेकींचा गाभा हाच आहे.

१. माथा नंतर पाहा, आधी कडे मोजा

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर आला. म्हणून इथे शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधू नये. एकेका थराचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. घट्ट भागाचा उभा कडा राहतो आणि सच्छिद्र भाग झिजून सपाटी तयार होते. कळसूबाईला (१,६४६ मीटर) जा की हरिश्चंद्रगडाला, चढ, सपाटी, पुन्हा चढ हा क्रम सुटत नाही. गडाखालच्या माणसांना त्यासाठी पुस्तक लागलं नाही. झाडीचा पदर, वस्तीचं मेट, तटबंदीची माची हे सगळे त्या सपाट्यांचेच उपयोग.

मुलांना मी पहिलं काम देतो ते समोरच्या डोंगराचे आडवे पट्टे वहीत काढण्याचं. दरीच्या दोन्ही बाजूंना तेच पट्टे त्याच उंचीवर दिसले, की मधली दरी नंतर कोरली गेली हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

२. तांबडा पट्टा दिसला की गाडी थांबवा

घाटरस्त्याच्या कापात काळ्या खडकांच्या मध्येच विटकरी रंगाचा थर दिसतो. पुस्तकात त्याला ‘रेड बोल’ म्हणतात, घाटातली माणसं गेरू म्हणतात. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, वरचा पृष्ठभाग कुजला, त्याची लालसर चिकणमाती झाली आणि मग नव्या लाव्ह्याने ती झाकली. काही ठिकाणी या थरात ज्वालामुखीची राखही असते. म्हणजे हा पट्टा उद्रेकांमधल्या विश्रांतीचा पुरावा आहे.

त्याचा आजचा परिणामही पाहण्यासारखा असतो. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या चिकणमातीवर अडतं आणि आडवं वाहून बाहेर पडतं. डिसेंबर-जानेवारीत सगळा डोंगर पिवळा पडलेला असताना एखादी हिरवी रेघ सलग दिसली, तर तिच्या पातळीवर असा अडवणारा थर आहे का ते पाहावं.

३. दगड फोडल्याशिवाय नाव देऊ नका

उघड्यावरच्या दगडाची साल वाऱ्या-पावसाने बदललेली असते. ताजी भेग पाहावी, वजन हातात घ्यावं, मग बोलावं. बेसाल्टच्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरतात, त्यात गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट ही नेहमीची. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात, गारगोटीवर काहीच होत नाही. एवढ्या दोन परीक्षा शाळकरी मुलांनाही जमतात. झिओलाइटचे सुंदर स्फटिक पाहायचे तर सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय गाठावं. डोंगरातले काढून आणू नयेत.

विहीर खणणारे दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. एक जण मला म्हणाला, “सर, काळा लागला की सुरुंग, मांजऱ्या लागला की पाणी.” मांजऱ्या म्हणजे तोच सच्छिद्र खडक. नियम ढोबळ आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांतही पाणी असतं आणि मांजऱ्याची छिद्रं बुजलेली असली तर तोही कोरडा निघतो. पण दोन थरांच्या मधल्या जागेवर त्याची नजर होती, ती बरोबर होती.

४. पाणलोटावर उभं राहून दोन्हीकडे पाहा

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर असते, तरी ती बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातून निघालेली सावित्री पश्चिमेला उडी घेऊन बाणकोटच्या खाडीत संपते. नाणेघाटाच्या किंवा कोकणकड्याच्या धारेवर उभं राहिलं की फरक डोळ्यांना दिसतो. पूर्वेला पसरट दऱ्या आणि सावकाश उतार, पश्चिमेला एकदम खोली. कोकणातल्या नद्या आखूड पण तीव्र उताराच्या, त्यामुळे त्या कड्याला मागे कोरत नेतात. सह्याद्रीची धार एका जागी खिळलेली नाही, ती पूर्वेकडे सरकत आली आहे.

इथे टोपोशीट हवंच. १:५०,००० च्या पत्रकावर समोच्चरेषा २० मीटर अंतराने असतात. पूर्वेकडच्या मोकळ्या रेषा आणि पश्चिमेकडची गर्दी कागदावर पाहिलेल्या मुलाला ‘तीव्र उतार’ म्हणजे काय हे पुन्हा समजवावं लागत नाही.

देशावरची नदी काय करते ते पाहायला निघोजला जावं. कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. खळग्यात अडकलेले गोटे पाण्याबरोबर गरगर फिरत कातळ कोरतात. तळाशी हात घालून गोटे चाचपा. गुळगुळीत लागतील, कारण कोरताना तेही झिजले.

५. एका उतारावर तीन माती असतात

मातीचा नकाशा जिल्ह्याला एक रंग देतो, शेतकरी तसा देत नाही. टेकडीच्या माथ्यावर मुरमाड, उतारावर मध्यम, खाली ओढ्याकाठी खोल काळी, हे एकाच गावच्या शिवारात दिसतं. माथ्यावरून बारीक कण धुऊन खाली जातात, म्हणून माथा भरड राहतो. ओलसर मातीचा गोळा करून अंगठा आणि बोट यांत दाबून पट्टी काढा. मुरमाड मातीची पट्टी होतच नाही, काळीची लांबवर होते.

सातारा जिल्हा तर यासाठी उघडी प्रयोगशाळा आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, वाईला त्याच्या लहानशा हिश्श्याएवढा आणि फलटण-माणकडे पाचशेच्या आसपास. खाली खडक बेसाल्टच, पण जास्त पावसात चुन्यासारखे घटक धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं आणि माती तांबडी, आम्लधर्मी होते. कमी पावसात चुना राहतो, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तयार होते आणि उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांत वरची माती पडते, पावसात जमीन फुगते, अशी ती स्वतःच स्वतःला खालीवर करते. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब, असं मात्र समजू नये. या जमिनीत तो सहसा कमीच असतो.

कोरडवाहू रान कसणाऱ्या एका मावशींनी आमच्या मुलांची पर्जन्यमानाची प्रश्नावली ऐकून सांगितलं, “पाऊस किती पडला ते नका विचारू गुरुजी, वाफसा कधी आला ते विचारा.” त्यानंतर आमच्या प्रश्नावलीत तो रकाना कायमचा आला. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या नीरा-कृष्णाकाठी आणखी एक रकाना लागतो, चोपण जमिनीचा. भरमसाट पाणी आणि निचरा नाही, म्हणजे क्षार वर येणार.

६. सडा कोरडा, पायथा ओला

१८०७ साली फ्रान्सिस बुकाननने केरळातल्या अंगाडिपुरम इथला जांभा पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. कोकणात त्याआधीही घरं जांभ्याचीच होती. चिरेखाणीत ताजा कापलेला चिरा तुलनेने मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. खाणीची उभी भिंत वरून खाली पाहत जा. वर कडक कवच, मग छिद्रांचा भाग, खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. पावसाचं पाणी छिद्रांतून उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्याच्या, पायथ्याशी बाहेर येतं. रत्नागिरीकडे सड्यावर मे महिन्यात पाण्याचा थेंब नाही आणि खालच्या वाडीत झऱ्यावर पोफळी उभ्या, याचं कोडं इथे सुटतं. घाटातल्या तांबड्या पट्ट्याने केलेलंच काम इथे वेगळी चिकणमाती करते.

सड्याला ओसाड म्हणू नका. त्यावर कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात फुलणारी खास वनस्पतीसृष्टी आहे. कातळात खड्डे फोडून, त्यात माती आणून भरून लावलेले हापूसही आहेत.

७. पुळणीची दोन टोकं पाहा

कोकणात लांबच लांब वाळू कमी, दोन डोंगरी टोकांच्या मध्ये वसलेल्या पुळणी जास्त. टोकांवर लाटा आपटतात, मधल्या आत शिरलेल्या भागात त्यांचा जोर ओसरतो आणि वाळू टिकते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर ओहोटीला लाटांनी कापलेला सपाट कातळ, खाचा आणि जाळीसारखी झीज एका फेरीत पाहता येते. रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र शेजारी शेजारी आहेत. काळ्या वाळूत लोहचुंबक फिरवा आणि त्याला काय चिकटतं ते मुलांना सांगू द्या.

वेळ पाहूनच जावं. कोळी बांधवांचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पावसाळ्यात मात्र कातळावर उतरायचंच नाही.

खाडीचं मुख हा तर सांध्यांचा सांधा. कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर देवबाग वसलं आहे. नदी, लाटा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह यांच्या ओढाताणीतून अशी पट्टी घडते आणि बदलत राहते. दगडी बंधाऱ्याने एक जागा वाचते, पण झीज पुष्कळदा त्याच्या टोकापलीकडे सरकते. पुळण एकदा पाहून मत बनवू नये. पावसाळी लाटांनी ओढून नेलेली बरीच वाळू पुढच्या शांत महिन्यांत परत येते.

८. सांधा सुटू लागला तर माणसं हलवा

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही गावं तीव्र उताराच्या डोंगराला लागून आणि तिन्ही ठिकाणी दरड कोसळली ती जोरदार पावसात. खडकावर मातीचा जाड थर असतो, त्यात पाणी मुरतं, वजन वाढतं, पकड सैल होते आणि थर घसरतो. उतारावर नव्या आडव्या भेगा, कललेली झाडं आणि खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, घराच्या जोत्याला तडे, ही लक्षणं पाठ करून घ्यावीत. भूगोलाच्या तासाला मी हा भाग कधी गाळला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येवो न येवो.

९. नियमात न बसणारी जागा सोडू नका

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, जवळजवळ गोल, बेसाल्टमध्येच. नदीने ते कोरलेलं नाही. ज्वालामुखीचं असावं असं पूर्वी पुष्कळांना वाटे. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारे काचेसारखे पदार्थ तिथे सापडले आणि उल्काघाताचा निष्कर्ष पक्का झाला. चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंडवन खडक आणि कोळसा, मालवण-वेंगुर्ल्याकडचे बेसाल्टहून कितीतरी जुने खडक, हेही मुलांनी पाहावेत. एरवी महाराष्ट्र म्हणजे काळा दगड, असा समज घेऊन ती मोठी होतात.

१०. सुरुवात गावच्या विहिरीपासून करा

लांबची सहल जमेल तेव्हा जमेल. कठड्याच्या बाहेर उभं राहूनच, शक्य असेल तर खणणाऱ्याला सोबत घेऊन, विहिरीचा छेद वहीत काढा. माती किती हात, मुरूम किती, मग कोणता खडक, पाणी कोणत्या पातळीला फुटलं. शेजारी उत्तर दिशा, तारीख आणि मोजमाप लिहा. प्रत्येक थराला गावात काय म्हणतात ते आधी विचारा, पुस्तकातलं नाव मागाहून लिहा. गावातल्या चार-पाच विहिरींचे असे छेद एका कागदावर शेजारी शेजारी मांडले, की आपल्या पायाखाली थर कुठे चढतो, कुठे उतरतो आणि पुढची विहीर कुठे घ्यावी याचा अंदाज मुलंच बांधू लागतात. तो चुकलाही, तर का चुकला याचं कारण त्यांना त्याच वहीत शोधता येतं.