यादीत आपले नाव

राज्य कुणाचे? आपल्या आजा-पणजांना विचारले असते तर ते म्हणाले असते, “सरकारचे, साहेबाचे.” आज आपण म्हणतो, राज्य आपले. ते आपले कसे, हे या धड्यात पाहू.

इंग्रजी अमदानीत मत सगळ्यांना नव्हते. ज्याच्या नावावर जमीन, जो सारा किंवा कर भरतो, जो ठरावीक शिकलेला, अशालाच बहुधा मत मिळे. मोलमजुरी करणाऱ्याला कोण विचारतो?

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अंमलात आली. घटना म्हणजे राज्यकारभाराचा पायाच. सरकारलाही तिच्याबाहेर जाता येत नाही. घटनेचे ३२६ वे कलम म्हणते, प्रत्येक सज्ञान नागरिकाला मत. वयाची अट आधी २१ वर्षांची होती. १९८९ पासून ती १८ वर्षांची झाली. ३२५ वे कलम म्हणते, केवळ धर्म, वंश, जात किंवा स्त्री-पुरुष या कारणाने कुणाला यादीतून वगळता येणार नाही. मालकाचे मत एक, गड्याचेही एक. सासूचे एक, सुनेचेही एकच.

हक्क मिळाला खरा, पण यादीत नाव नसेल तर तो हाती येत नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या याद्या करायला माणसे घरोघर गेली. तेव्हा बऱ्याच बायकांनी, विशेषतः उत्तरेकडच्या काही राज्यांत, आपले नावच सांगितले नाही. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, ही तिकडची रीत. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढेच त्या बोलल्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. स्वतःच्या नावावाचून नोंद ठेवायची नाही, असे ठरले. सुमारे २८ लाख बायकांची नोंद गेली आणि त्यांचे मतही गेले.

तेव्हा बंधुभगिनींनो, आम्ही एकच सांगतो. आता तुम्हाला वाचता येते. मतदारयादी स्वतः वाचा. ती आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे बघायला मिळते. नाव नसेल तर नमुना ६ भरून द्या. नावात चूक असेल किंवा घर बदलले असेल तर नमुना ८ भरा. “ओळखपत्र आहे की माझ्याकडं!” असे म्हणून स्वस्थ बसू नका. यादीत नाव नसेल तर नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही. निवडणूक तोंडावर येईपर्यंत थांबूही नका.

आणखी एक. मत गुप्त असते. ते कुणाला दिले, हे सांगायची सक्ती कुणालाही करता येत नाही. मतासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत.

सांगा पाहू :
१. घटना कधी अंमलात आली?
२. २८ लाख बायकांचे मत का गेले?
३. तुमच्या घरात १८ वर्षांवरची माणसे किती? त्यांतली यादीत किती?