जुन्या नौकेचे अंतरंग

आपले उज्जैन समुद्रापासून दूर वसलेले आहे. क्षिप्रेच्या रामघाटावरील होड्यांपलीकडे नौकेशी आपला फारसा परिचय नाही. तेव्हा शिडाच्या जुन्या नौकेचा अंतर्भाग पुन्हा कसा सिद्ध करतात, हा विषय आपण कशासाठी अभ्यासावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज उभा राहील. त्याचे उत्तर आपल्या माळव्यातच मिळते.

अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात नौकांचे विवेचन आलेले असून नौकेवरील खोल्या कोठे आहेत यावरून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या असलेली ती सर्वमंदिरा. ती खजिना, घोडे व राजस्त्रिया यांची ने-आण करण्यासाठी. मध्यभागी खोल्या असलेली ती मध्यमंदिरा. ती राजाच्या जलविहारासाठी व पावसाळ्यासाठी. पुढच्या बाजूस खोली असलेली ती अग्रमंदिरा. ती दूरच्या प्रवासासाठी व युद्धासाठी. नौकेत कोण राहणार आणि ती कोठे जाणार, हे ठरल्यावाचून तिच्या अंतर्भागाची मांडणी ठरत नाही, हे तत्त्व या वर्गीकरणातून स्पष्ट होते. जुनी नौका दुरुस्त करणाऱ्यालाही हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईत जन्मलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका. इंग्लंडात ओक वृक्षाच्या लाकडाची टंचाई भासू लागल्यामुळे ब्रिटिश आरमाराने काही नौका मुंबईच्या गोदीत बांधून घेतल्या. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी नौकाशिल्पीने मलबारचे सागवान वापरून ही नौका बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात सोडण्यात आली. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. पुढे १८९७ मध्ये ती मोडीत काढण्यासाठी विकली गेली. परंतु जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाने ती विकत घेऊन वाचविली व तिला ‘फूद्रॉयां’ असे नवे नाव दिले. त्यानंतर १९८६ पर्यंत तिच्यावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण मिळत असे. जेथे एके काळी तोफा होत्या, तेथे विद्यार्थी राहू लागले. १९८७ मध्ये तिला इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात नेण्यात आले. १९९० पासून २००१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार चालला होता आणि १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नावही परत मिळाले.

अशा जीर्णोद्धारात नवे लाकूड, रंग, गाद्या व पडदे आणले की काम झाले, असे आपणास वाटेल. प्रत्यक्षात या गोष्टी सर्वांत शेवटी येतात. प्रथम आतील फळ्या, कप्पे व तक्तपोशी काळजीपूर्वक उकलावी लागते. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात आणि तो कोठला, हे आराखड्यात नोंदवितात; अन्यथा परत बसविताना कोणाचा कोणाशी मेळ राहत नाही. मग तळाशी साचलेला गाळ काढून तेथील पाण्याच्या वाटा मोकळ्या करतात.

यानंतर परीक्षा लाकडाची. हातोडीने हलके ठोकले असता निरोगी लाकूड खणखणीत वाजते. कुजलेल्याचा आवाज मंद व पोकळ येतो. शंका आली तर टोच्याने टोचून पाहतात. वरून तुकतुकीत दिसणारी फळी आतून पार भुसभुशीत झालेली असू शकते. लाकडातील ओलावा त्याच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून अधिक काळ टिकला, की कुजविणाऱ्या बुरशीला अनुकूल परिस्थिती मिळते. येथे एक नवल सांगितले पाहिजे. नौकेला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याचे भय अधिक असते, कारण मीठ बुरशीच्या वाढीस अडथळा करते. म्हणून वरच्या मजल्यातून होणारी बारीकशी गळतीही आधी बंद करावी लागते. ट्रिंकोमालीच्याच आराखड्यावर बांधलेली ‘युनिकॉर्न’ ही नौका १८२४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावर आरंभीच छप्पर घातल्यामुळे ती स्कॉटलंडमधील डंडी येथे उत्तम स्थितीत टिकून राहिली आहे. साध्या छपराने केवढे कार्य केले!

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढतात व तेथे नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडतात. असा सांधा लाकडाच्या जाडीच्या आठपट किंवा त्याहून अधिक लांब ठेवतात, म्हणजे ताण एका जागी न पडता पसरतो. सागवानाचा गुण येथे उपयोगी पडतो. ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागवानातील तेल मात्र लोखंडाचे रक्षण करते.

अंतर्भाग पुन्हा बसविताना हवेचा विचार विसरून चालत नाही. बाहेरची भिंत व आतील तक्तपोशी यांत पोकळी ठेवतात, कप्प्यांच्या दारांना झरोके ठेवतात आणि तळाच्या फळ्या केव्हाही उचलता येतील अशा बसवितात. जेथे हात पोचत नाही व वारा खेळत नाही, तेथूनच नौकेचा नाश सुरू होतो. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंस सारख्या ठेवतात, म्हणजे नौकेचा तोल सांभाळला जातो. हे सर्व झाल्यावर मग जवसाच्या तेलाचा हात, रंग आणि रोगण.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो काय ठेवावे आणि काय बदलावे हा. सर्व जुने तसेच ठेवले तर नौका बुडेल. सर्व बदलले तर ती नौका उरणार नाही, तिची केवळ प्रतिकृती उरेल. शिवाय ट्रिंकोमालीवर वाढलेल्या मुलांच्या पिढ्यांना ती शाळाच वाटत असणार. तरी जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तिला युद्धनौकेचे रूप परत देण्याचे ठरविले, म्हणजे त्या शाळेच्या काही खुणा त्यांना पुसाव्या लागल्या. मात्र त्यांनी लाकडाची चाचणी घेऊनच हात घातला. म्हणून आजही तिच्या सांगाड्याचा निम्म्याहून अधिक भाग मुंबईच्या त्याच सागवानाचा आहे.

माळव्यातील आपल्या मराठी घराण्यांचे जुने वाडे आज याच प्रश्नापुढे उभे आहेत. भिंतींना रंग देण्यापूर्वी तुळयांना ठोकून पाहावे, छपराची गळती शोधावी आणि जे निरोगी आहे त्याला हात लावू नये, एवढा धडा आपण मुंबईच्या या सागवानी नौकेपासून घेतला, तरी समुद्र न पाहताही आपला हा अभ्यास सफळ झाला असे आम्ही समजू.