सौंदर्यस्पर्धा आणि स्त्रीचे माणूसपण

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदाकाठच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी, कलचुरी राजांच्या काळात ते उभारले गेले. वर्तुळाकार ओवरीत बसलेल्या या योगिनींच्या मूर्ती आज बऱ्याच भंगलेल्या आहेत. तरीही त्यांचे शरीरसौष्ठव, अलंकार आणि बैठकीतील डौल पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक मूर्तींच्या पीठावर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले आहे. सौंदर्य आहे, पण ते कोणा एकीचे आहे. तिला नाव आहे आणि स्वतःचे सामर्थ्यही आहे.

आता सौंदर्यस्पर्धेचा मंच डोळ्यांसमोर आणा. तरुणी ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीच्या खांद्यावरून रुंद रेशमी पट्टा उतरला आहे आणि त्यावर देशाचे, राज्याचे किंवा शहराचे नाव आहे. तरुणीचे नाव त्यावर नसते. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यात दुसरी कोणी उभी असेल. हा तपशील किरकोळ वाटेल. पण सौंदर्यस्पर्धांवर घेतल्या जाणाऱ्या मुख्य आक्षेपाचे मूळ त्यातच सापडते.

हा आक्षेप ‘वस्तूकरण’ या शब्दाने ओळखला जातो. माणसाला वस्तूसारखे वागवणे, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकन विचारवंत मार्था नुस्बाम यांनी 1995 मध्ये या कल्पनेची बारकाईने फोड केली. वस्तूचा आपण आपल्या कामासाठी उपयोग करतो. एक वस्तू गेली तर तिच्या जागी दुसरी आणतो. ती विकतो, विकत घेतो. आणि तिला काय वाटते, हे कधी विचारत नाही. माणसाच्या बाबतीत असे घडू लागले की त्याचे वस्तूकरण झाले. केवळ रूपाचे कौतुक करणे म्हणजे वस्तूकरण नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. नाहीतर आरशात पाहणेही अपराध ठरेल!

या स्पर्धांचा जन्म बाजारात झाला, हे त्यांचा इतिहासच सांगतो. 1921 मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावात पहिली मोठी स्पर्धा भरली, ती उन्हाळा सरल्यावरही पर्यटक टिकून राहावेत म्हणून. ‘मिस वर्ल्ड’ 1951 मध्ये लंडनला सुरू झाली. एरिक मॉर्ली या प्रसिद्धी व्यवस्थापकाने एका राष्ट्रीय उत्सवाच्या निमित्ताने योजलेली ती बिकिनी स्पर्धा होती. स्त्रीचे रूप हे येथे साधन होते. साध्य होते गर्दी आणि विक्री.

तथापि या मंचावर गेलेली प्रत्येक स्त्री वस्तू होऊनच परतली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रीटा फारिया यांचेच पाहा. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील, मुंबईत वाढलेली ही वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी 1966 मध्ये ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा मान मिळवणारी ती आशियातील पहिली स्त्री. विजयानंतर मात्र तिला करारातील अटी पाळाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विनोदी नट बॉब होप यांच्या पथकाबरोबर ती व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी गेली आणि भारतात त्यावरून वादळ उठले. भावी डॉक्टरचे रूप युद्धभूमीवर विरंगुळ्याचा विषय झाले होते. वर्ष संपल्यावर तिने चित्रपट आणि मॉडेलिंगचा मोह बाजूला सारला, अभ्यास पूर्ण केला, आणि पुढे डब्लिनमध्ये डॉक्टर म्हणून संसार मांडला. त्या एका वर्षात वस्तूकरण दिसते. त्यातून बाहेर पडण्याचा निर्णयही दिसतो, आणि तो तिचा स्वतःचा होता.

तेच बॉब होप 1970 मध्ये लंडनच्या ‘मिस वर्ल्ड’चे सूत्रसंचालन करीत असता प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्री-मुक्ती कार्यकर्त्या उठल्या. त्यांनी पिठाच्या पुड्या आणि पत्रके उधळली. होप यांना काही काळ मंच सोडावा लागला. आपला विरोध स्पर्धक मुलींना नसून त्यांना जनावरांच्या बाजारासारखे उभे करणाऱ्या व्यवस्थेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन ही पहिली कृष्णवर्णीय ‘मिस वर्ल्ड’ ठरली. गोरे रूप म्हणजेच सौंदर्य, या समजुतीला त्या मुकुटाने तडा दिला. एकाच सभागृहात दोन न्याय्य गाऱ्हाणी अशी समोरासमोर आली होती.

भारतात हा वाद पेटला तो 1996 मध्ये, बंगळूरला ‘मिस वर्ल्ड’ भरली तेव्हा. विरोधकांत दोन निराळे प्रवाह होते. भारतीय संस्कृती भ्रष्ट होते, असे काहींचे म्हणणे. तर बहुराष्ट्रीय प्रसाधन कंपन्यांसाठी स्त्रीदेहाची जाहिरात होते, असे स्त्री-संघटनांचे. मदुराईत एका तरुणाने निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी अखेर सेशेल्स बेटांवर घेण्यात आली. पहिल्या प्रवाहाला स्त्री झाकलेली हवी होती आणि बाजाराला उघडी. ‘तुला काय हवे’ हा प्रश्न दोघांच्याही तोंडी नव्हता.

प्रश्न विचारला जातो तेव्हाही उत्तर ठरलेलेच अपेक्षित असते की काय, अशी शंका येते. नागपूरची मधू सप्रे 1992 मध्ये बँकॉकच्या ‘मिस युनिव्हर्स’मध्ये अखेरच्या तिघींत पोहोचली होती. देशाची सूत्रे हाती आली तर काय करशील, या प्रश्नावर खेळाडू असलेल्या मधूने खेळाची मैदाने उभारण्याची गोष्ट केली. तिला तिसरा क्रमांक मिळाला. गरिबी हटवण्याचे गोड उत्तर तिने द्यायला हवे होते, अशी चर्चा नंतर पुष्कळ झाली. मनातले बोलणे हा दोष मानला जातो, ही गोष्ट पोशाखापेक्षा अधिक बोचणारी आहे.

पण सारा दोष मंचावर टाकून घर मोकळे होऊ शकत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला सांगणारे, तिचा रंग, उंची आणि केस पारखणारे परीक्षक काही परदेशातून आलेले नसतात. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ या जाहिराती प्रसाधन कंपन्यांनी लिहिलेल्या नाहीत. सौंदर्यस्पर्धेत तरुणी निदान स्वतः अर्ज भरते. येथे पुष्कळदा तेवढेही तिच्या हाती नसते. आणि नकार आला की त्याचा मुकुट उलटा, आईबापांच्या डोक्यावर काळजी होऊन बसतो.

गेल्या काही वर्षांत नियम बदलले आहेत. ‘मिस वर्ल्ड’ने पोहण्याच्या पोशाखाची फेरी 2014 च्या अखेरीस बंद करण्याचे ठरवले. ‘मिस युनिव्हर्स’ने 2023 पासून विवाहित स्त्रियांना आणि मातांना प्रवेश दिला, 2024 पासून वयाची वरची मर्यादाही काढली. 1974 मध्ये मात्र हेलन मॉर्गनला, ती अविवाहित माता असल्याचे कळल्यावर, चार दिवसांत मुकुट सोडावा लागला होता. बदल झाला, हे मान्य केले पाहिजे. तरी उंच, सडपातळ देहाची पसंती अजून सुटलेली नाही.

जबलपूरने सुभद्राकुमारी चौहान यांनाही पाहिले आहे. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात उतरलेली, तुरुंगवास भोगलेली, मध्यप्रांताच्या विधानसभेत बसलेली ही कवयित्री शहराला तिच्या शब्दांनी आणि कृतीने ठाऊक आहे. ती दिसायला कशी होती, हे तिच्याविषयी बोलताना सहसा कोणी विचारत नाही.