‘शेक’, ‘किरणोपचार’ आणि ‘साहाय्यक’ : एक परिभाषाविचार

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशकाराच्या मेजावर होतो. तिची खरी कसोटी मात्र रुग्णशय्येजवळ लागते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होते. येथील मराठी कुटुंबे घरी एक आणि रुग्णालयात दुसरी भाषा ऐकतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या किरणोपचारांचे उदाहरण घेऊन या स्थितीचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम अवयवाचे नाव पाहू. हिंदीतील ‘अग्न्याशय’ हा शब्द पचनकार्याकडे निर्देश करतो. मराठी ‘स्वादुपिंड’ वस्तूचे वर्णन करतो. मूळ ग्रीक नावाचा अर्थ तर ‘सर्वस्वी मांस’ एवढाच आहे. जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असलेले त्याचे स्थान यांपैकी एकाही शब्दातून सूचित होत नाही. वस्तुतः या स्थानामुळेच रोग उशिरा कळतो आणि शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांवर शक्य होते.

उपचाराच्या नावाची गोष्ट अधिक गंभीर आहे. लोकव्यवहारात हिंदीत ‘सिकाई’ आणि मराठीत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हटले जाते. ‘शेक’ म्हटला की ऊब, आराम आणि घरगुती शुश्रूषा डोळ्यांसमोर येते. किरणांची ऊब रुग्णाला जाणवत नाही. ते पेशींच्या केंद्रातील जनुकद्रव्य तोडतात आणि विभाजनाच्या वेळी पेशी मरतात. सुमारे 45 ते 50 ग्रे एवढी मात्रा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच-सहा आठवड्यांत विभागून देतात. शेजारचे जठर व आतडे तिच्यापासून सर्वथा सुटत नाहीत. म्हणून मळमळ, थकवा, जुलाब संभवतात, आणि ‘शेक’ घेणारा रुग्ण त्यांमुळे गोंधळून जातो.

तिसरा शब्द ‘साहाय्यक’. साहाय्य होतेच, हे या विशेषणात गृहीत धरलेले आहे. पुराव्याचा इतिहास मात्र द्विधा आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या 43 रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात किरणे व औषध मिळून मध्यमान आयुर्मर्यादा 11 वरून 20 महिन्यांवर गेल्याचे दिसले. 2004 साली 289 रुग्णांच्या युरोपीय अभ्यासाने उलट निष्कर्ष काढला : रसायनोपचार लाभदायक, किरणांची जोड मात्र अपायकारक. त्यातील किरणोपचारांच्या दर्जावर आक्षेप घेतले गेले, हेही नमूद केले पाहिजे. पुढे 2018 साली चार औषधांच्या संयुक्त योजनेने मध्यमान आयुर्मर्यादा 54 महिन्यांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. तेव्हापासून, प्रकृती साथ देत असेल तर, शस्त्रक्रियेनंतर प्रथम स्थान रसायनोपचारांना दिले जाते. छेदाच्या कडेवर रोगाचे अवशेष राहिले असतील, तर किरणांचा विचार आजही होतो. पण तो रुग्णागणिक विचार असतो, सरसकट नियम नव्हे.

यावरून निष्पन्न काय होते? शब्द संस्कृतनिष्ठ असावा की बोलीतला, हा वाद येथे गौण ठरतो. ‘शेक’ सुबोध आहे, पण दिशाभूल करतो. ‘किरणोपचार’ यथार्थ आहे, पण एकटा पुरेसा नाही. ज्याच्या संमतीवर पुढील सहा आठवडे अवलंबून आहेत, त्याला शब्दापेक्षा वाक्य हवे असते : ‘काढलेल्या जागी रोगाचा अंश उरला असण्याचा संभव आहे, तो किरणांनी मारण्याचा प्रयत्न करता येईल, त्याने आयुष्य वाढेलच असे नाही, त्रास असा असा होईल.’ हे वाक्य रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत उच्चारता येणे, हीच परिभाषेच्या सामर्थ्याची कसोटी मानावयास हवी.