टोकियोच्या रस्त्यांना नावं नसतात का?

प्रश्न : माझा भाचा टोकियोत निशिकासाई भागात राहतो. त्याच्या पत्त्यात रस्त्याचं नावच नाही, नुसते आकडे. विचारलं तर म्हणतो, ‘मावशी, इथे रस्त्यांना नावं नसतात.’ मग गिंझा, ओमोतेसांदो ही नावं कशाची? आणि आकड्यांवरून पोस्टमनला घर सापडतं कसं?

उत्तर : भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बहुतेक गल्लीबोळ बिननावाचे असतात, पण मोठ्या रस्त्यांना नावं असतात. नावाच्या शेवटी ‘दोरी’ आलं की तो रस्ता समजावा : चुओ-दोरी, हारुमी-दोरी, मेइजी-दोरी. (आपल्या दोरीशी याचा काही संबंध नाही.) ओमोतेसांदो हाही रस्ताच. मेइजी देवस्थानाकडे जाण्यासाठी तो १९२० साली बांधला. गिंझा मात्र रस्ता नव्हे, वस्ती आहे. १६१२ साली तिथे चांदीची टांकसाळ आली, तिच्यावरून हे नाव पडलं.

घोळ होतो तो पुढे. रस्त्याचं नाव असलं तरी ते पत्त्यात लिहीत नाहीत. पत्ता असतो रस्त्यांनी वेढलेल्या जागेचा.

गिंझाच्या मुख्य चौकातली वाको दुकानाची घड्याळाची इमारत घ्या. तिचा पत्ता गिंझा ४-५-११. पहिला आकडा ‘चोमे’चा, म्हणजे वस्तीच्या तुकड्याचा. गिंझाचे असे आठ तुकडे आहेत. दुसरा आकडा त्या तुकड्यातल्या चौकोनाचा. समोरचं मित्सुकोशी दुकान चौथ्याच चोमेत, पण सहाव्या चौकोनात. दोन्ही दुकानं चुओ-दोरीवर एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत, तरी दोघांच्याही पत्त्यात चुओ-दोरी नाही. हारुमी-दोरी ओलांडली की चोमेच बदलतो.

तिसरा आकडा सगळ्यांत गमतीचा. तो घरांच्या ओळीतला क्रमांक आहे असं वाटतं, पण तसं नसतं. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने जायचं आणि दर दहा-पंधरा मीटरांना एक आकडा द्यायचा. घराचं दार ज्या टप्प्यात उघडतं, तो आकडा त्या घराचा. त्यामुळे मोठ्या इमारतीशेजारी ३ नंतर एकदम ७ येऊ शकतो आणि दोन छोट्या घरांना एकच आकडा मिळू शकतो. शेजाऱ्यांची पत्रं एकमेकांकडे जाणारच!

टोकियोत घरांना बांधल्याच्या क्रमाने नंबर मिळतात, अशीही एक समजूत आहे. ती जुन्या पद्धतीवरून आली असावी. १८७३ पासून जमीनमहसुलाच्या सुधारणेत जमिनीच्या तुकड्यांना नंबर मिळाले. ते नंबर घरांचे नव्हते, जमिनीचे होते, आणि हेतू करवसुलीचा होता. पुढे जमिनी विभागल्या गेल्या, उपक्रमांक चिकटले, क्रम विस्कटला. एकाच मोठ्या तुकड्यावर अनेक घरं उभी राहिली की सगळ्यांचा नंबर एकच. अखेर १९६२ साली कायदा करून आजची चौकोनांची पद्धत आणली. रस्त्यावरून पत्ता देण्याची सोयही त्या कायद्यात आहे, पण ती फार थोड्या गावांनी उचलली.

या आवराआवरीत कित्येक जुनी नावं मात्र पत्त्यातून गेली. तरुणांनी गजबजलेलं हाराजुकू जगाला ठाऊक आहे, स्टेशनलाही तेच नाव आहे. पण १९६५ पासून तिथला पत्ता लिहितात ‘जिंगूमाए’. कांदा भागाने मात्र जुनी नावं सोडली नाहीत. तिथे अजून कोन्याचो, म्हणजे निळाऱ्यांची वस्ती आहे, आणि काजिचो, म्हणजे लोहारांची. माझ्या मते टोकियोत पायी भटकायचं तर तिथेच.

आता पोस्टमनचं. वस्तीचं नाव आणि आकडे लिहिलेल्या छोट्या पाट्या विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर असतात, घराच्या दाराशी शेवटचा आकडा असतो. त्या वाचत गेलं की झालं. अनोळखी माणूस नाक्यावरच्या ‘कोबान’मध्ये, म्हणजे पोलीस चौकीत विचारतो. तिथे भागाचा बारीक नकाशा असतो आणि वाट सांगणं हे पोलिसांचं रोजचंच काम आहे.

निशिकासाई एदोगावा विभागात येतं. तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या विभागाच्या सभेवर निवडूनही आले. तेव्हा भाच्याच्या इमारतीत आणखी एखादं मराठी घर असू शकेल. सबंध इमारतीला तिसरा आकडा एकच असतो, म्हणून फराळाचा डबा धाडताना चौथा, खोलीचा आकडा लिहायला विसरू नका.