विस्तव न लागलेली चटणी

सकाळचे साडेअकरा वाजले होते. दवाखान्यातील गर्दी ओसरत होती, तेवढ्यात आमचे एक जुने रुग्ण डाव्या हाताला पंचा गुंडाळून आत आले. वय बासष्ट, गणिताचे निवृत्त शिक्षक. पंचावर रक्त उमटले होते. "काय सर, भाजी चिरताना लागलं का?" मी विचारले. "भाजी नाही डॉक्टर," ते ओशाळून म्हणाले, "ग्वाकामोले करत होतो."

झाले होते असे. सरांच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे आले होते. तोवर चहापलीकडे त्यांची मजल गेली नव्हती. कुकर लावणे, मुगाची खिचडी, पिठले एवढे त्यांना जमू लागले होते. अमेरिकेतून मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात सुट्टीवर आली. नातीला ॲव्होकॅडोची ती हिरवी चटणी फार आवडते असे कळल्यावर आजोबांनी मार्केट यार्डातून दोन फळे आणली आणि कोणालाही न विचारता कामाला लागले. अर्धे फळ डाव्या तळहातावर धरले आणि बी काढण्यासाठी सुरीचे टोक जोरात खुपसले. सुरी बीवरून घसरली, लोण्यासारख्या गरातून आरपार गेली आणि तर्जनीच्या मुळाशी तळहातात शिरली.

मी बोट दोन्ही सांध्यांत वाकते का ते पाहिले, टोकाला स्पर्श कळतो का तेही तपासले. सुदैवाने स्नायूची दोरी आणि नस शाबूत होती. तीन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. टाके घालता घालता सहज विचारले, "कोथिंबीर कशी धुतली होती?" सर म्हणाले, "ती कशाला धुवायची? भाजीवाल्यानं पाणी मारूनच दिली होती." "आणि चटणी आता कुठं आहे?" "ओट्यावर. रात्री जेवताना सगळ्यांना देणार आहे."

वाचकहो, हातावरची जखम दहा-बारा दिवसांत भरणार होती. मला काळजी वाटली ती ओट्यावरच्या त्या वाटीची.

विस्तवाचे उपकार

आपल्या स्वयंपाकातील कितीतरी चुका विस्तव पोटात घालतो. पालेभाजी घाईत धुतली गेली, आमटीत नळाचे पाणी पडले, तरी पदार्थ खळखळून उकळला की बहुतेक रोगजंतू मरतात. म्हणूनच नवशिक्याची खिचडी बेचव होईल, पण सहसा आजार देणार नाही. ग्वाकामोलेत विस्तवच नाही. फळ कच्चे, कांदा कच्चा, मिरची-कोथिंबीर कच्ची. जे काम विस्तव करतो ते इथे पाणी, सुरी, पाट आणि आपले हात यांना करावे लागते. कोशिंबीर, भेळेची हिरवी चटणी, पाणीपुरीचे पाणी यांनाही हाच नियम लागू आहे. तेव्हा ॲव्होकॅडो घरात येत नसला तरी हा लेख आपल्यासाठी नाही असे कृपया समजू नये.

"लिंबू पिळलंय, मीठ घातलंय, मग जंतू कसे राहतील?" असे पुष्कळजण विचारतात. जेवणात घालतो तेवढ्या लिंबाने आणि मिठाने जंतू मरतील याचा भरवसा धरता येत नाही. लिंबू चवीसाठी आणि रंग टिकवण्यासाठी, एवढेच समजावे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात काय झाले हे आपण विसरलेलो नाही. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गीया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. हा जंतू दूषित पाणी, कच्चे चिकन आणि न तापवलेले दूध यांतून पोटात जातो. बहुतेकांना चार-सहा दिवस जुलाब होतात आणि ते बरे होतात. मात्र अशा हजारेक रुग्णांत एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाते.

कच्च्या चटणीने काय होऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेतही आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात एका उपाहारगृहातील साल्सा, म्हणजे टोमॅटोची कच्ची चटणी, खाऊन सुमारे सहाशे लोकांना 'अ' प्रकारची कावीळ झाली आणि तिघे दगावले. दोष निघाला चटणीतील कच्च्या पातीच्या कांद्याचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कावीळ खाल्ल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी दिसते, टायफॉइडचा तापही साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. तोपर्यंत ती चटणी आपण विसरलेलो असतो आणि दोष मात्र काल खाल्लेल्या वड्याला देतो.

फळाची ओळख

ग्वाकामोले हा मूळचा मेक्सिकोतील पदार्थ. तेथील नाहुआत्ल भाषेत 'अहुआकात्ल' म्हणजे हे फळ आणि 'मोली' म्हणजे कालवण. आपल्या खलबत्त्याचा भाऊ शोभेल अशा दगडी उखळीत तो कुटण्याची तिथे रीत आहे. मिरची आणि टोमॅटो त्याच बाजूने पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आले. कांदा, लिंबू आणि कोथिंबीर इकडच्या जगातून तिकडे गेली. तेव्हा हा पदार्थ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

ॲव्होकॅडोला आपल्याकडे लोणीफळ असेही म्हणतात. कर्नाटकातील कोडगू, केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील निलगिरी या भागांत ते पिकते. काळसर, खरबरीत सालीची 'हास' जात परदेशांतूनही येते. हे फळ झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकते. त्यामुळे बाजारातून दगडासारखे फळ आले तर ते खराब समजू नये. आंब्याची अढी घालतो तसे कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवावे. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते दोन-चार दिवसांत तयार होते. तळहातात धरून हलके दाबल्यावर किंचित दबले की पिकले. मग ते फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

पिकले फळ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवले की ताजे राहते, अशी युक्ती मध्यंतरी सांगितली जात होती. ती करू नये. सालीवरचे जंतू पाण्यात वाढतात आणि गरातही शिरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली दिला आहे.

साल खायची नाही, तरी धुवायची

"साल तर फेकायची, मग धुवायची कशाला?" हा प्रश्न सरांनीही विचारला. याच अमेरिकी प्रशासनाने २०१४ ते २०१६ या काळात तपासलेल्या ३६१ सालींच्या नमुन्यांपैकी ६४ नमुन्यांत लिस्टेरिया हा जंतू सापडला होता. गराच्या १२५४ नमुन्यांत मात्र तो फक्त तीनच ठिकाणी निघाला. म्हणजे आतले फळ जवळजवळ स्वच्छ असते; सालीवरचे जंतू आत नेते ती आपली सुरी. गरोदर स्त्रियांना लिस्टेरिया विशेष घातक, कारण त्याने गर्भपात होऊ शकतो. कलिंगड, खरबूज, पपई यांनाही हेच लागू आहे.

करायचे ते असे. आधी हात साबणाने धुवावेत. फळ, लिंबू आणि मिरची वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी. कोथिंबिरीची मुळे आणि सडकी पाने काढून ती मोठ्या पातेल्यात उकळून गार केलेल्या किंवा खात्रीच्या फिल्टरच्या पाण्यात बुडवून खळबळावी. मग कोथिंबीर वर उचलून घ्यावी. पातेले चाळणीत उपडे केले की तळाची माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. मटण-चिकनचा पाट व सुरी यासाठी मुळीच वापरू नये.

सुरी कशी धरावी

फळ पाटावर आडवे ठेवून बी लागेपर्यंत उभा छेद द्यावा आणि फळ फिरवत तो पूर्ण करावा. दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळले की सुटे होतात. बी चमच्याने उचकटून काढावी. सुरीचे टोक बीत खुपसू नये आणि फळ तळहातावर धरून कधीही कापू नये.

तरीही लागलेच, तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे जावे. दोरी वा नस तुटली असेल तर उशीर केल्यास बोट कायमचे अधू होते.

कालवणे आणि ठेवणे

दोन मध्यम फळांचा गर काट्याने किंवा चमच्याने ठेचावा, मिक्सर नको. त्यात एक लहान कांदा बारीक चिरून, एक हिरवी मिरची, दोन चमचे कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घालावे. हवा असल्यास बिया काढलेला टोमॅटो घालावा. लहान मुलांसाठी मिरची घालण्यापूर्वी वेगळे काढावे.

चिरलेले वांगे काळे पडते त्याच कारणाने हा गरही हवेने काळपट होतो. वाटीत बी ठेवल्याने तो हिरवा राहतो, हा समज चुकीचा आहे. बीखाली झाकलेला भाग तेवढा राहतो. पदार्थाला टेकेल असा स्वच्छ प्लास्टिकचा कागद वरून दाबून बसवणे हा खरा उपाय. मात्र रंग हिरवा म्हणजे पदार्थ चांगला असे नव्हे. बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, उन्हाळ्यात एक तासच. फ्रिजमध्ये ठेवलेला दुसऱ्या दिवशी संपवावा.

कोणी किती खावे

शंभर ग्रॅम गरात सुमारे १६० उष्मांक आणि १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. यातील बराचसा भाग हृदयाला मानवणाऱ्या प्रकारचा आहे. तंतू ६ ते ७ ग्रॅम, साखर नावापुरती. त्यामुळे मधुमेहींना हे फळ बाधत नाही. वाटीभर खाऊन वजन मात्र वाढेल. सोबत तळलेले खारे चिप्स घेतले तर फायदा गेलाच. त्याऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी, फार छान लागते. फळ परवडत नसेल तर खंत करू नये. आपल्या शेंगदाण्यातील जवळपास निम्मी चरबी याच जातीची असते.

शंभर ग्रॅम गरात पोटॅशियम सुमारे ४८५ मिलिग्रॅम, म्हणजे केळ्यापेक्षा जास्त असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशी औषधे घेणाऱ्यांनी नेमाने खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना या फळाचीही असू शकते.

जुलाब झाले तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. शौचातून रक्त, दोन दिवसांहून अधिक ताप किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काही असल्यास दवाखाना गाठावा. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या येऊन बळ कमी होऊ लागले, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटले, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये.

सरांनी त्या दिवशी घरी फोन करून वाटी टाकून द्यायला सांगितली. फळांच्या किमतीबद्दल हळहळले, पण ऐकले. बाराव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा नातही बरोबर होती. "परवा पुन्हा केली," सर म्हणाले. "कोथिंबीर चार पाण्यांतून काढली, बी चमच्यानं काढली, आणि केल्या केल्या पानात वाढली." "मग नातीला आवडली का?" मी विचारले. सर हसले. "चाखली आणि म्हणाली, आजोबा, तुमची खिचडीच छान."