सूर लागला की नाही? ऑलमन ब्रदर्सच्या शेवटच्या अल्बमचा एक धडा

गॅदरिंग संपून महिना झाला तरी होस्टेलवर एक वाद अजून चालूच आहे. आपल्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवणारे सिनियर गेल्या वर्षी पास आऊट झाले. यंदा ज्या ज्युनियरने गिटार हातात घेतली, त्याला सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "ते वाजवायचे तस्सं वाजव." बिचाऱ्याने तस्संच वाजवलं. आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तेच लोक म्हणाले, "वाजवलं चांगलं रे, पण ती मजा नाही." सल्ला देणाऱ्यांत मीही होतो, म्हणून गप्प बसलो. रात्री रूमवर येऊन एक अल्बम लावला. हा लेख त्या अल्बमबद्दल आहे. ज्युनियरने तो वाचावा अशी इच्छा आहे, आणि सल्ला देणाऱ्यांनी तर नक्कीच.

अल्बमचं नाव 'हिटिन द नोट'. बँड ऑलमन ब्रदर्स, साल 2003.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'सदर्न रॉक' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं रॉक संगीत. त्यात ब्लूज भरपूर, थोडं कंट्री आणि या बँडच्या बाबतीत जाझही. (ग्रेग ऑलमनला हा शब्दच फारसा आवडत नसे. रॉक मुळात दक्षिणेतच जन्मलं, मग वेगळं 'सदर्न' कशाला, असा त्याचा मुद्दा. बरोबरच आहे.) 1969 साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला बँड जमला आणि लवकरच जॉर्जियातल्या मेकन गावी गेला. ड्वेन आणि ग्रेग हे सख्खे भाऊ. ड्वेन लीड आणि स्लाइड गिटारवर, ग्रेग ऑर्गन आणि गाण्यावर. दुसरा लीड गिटारवाला डिकी बेट्स, बेसवर बेरी ओकली, आणि ड्रमर चक्क दोन, बुच ट्रक्स आणि जेमो. इलेक्ट्रॉनिक्सवाले लगेच म्हणतील, रिडंडन्सी! पण तसं नव्हतं. बुच गाडी सरळ रुळावर ठेवायचा आणि जेमो त्याच्याभोवती जाझवाल्यांसारखी नक्षी काढायचा. दोघांतला एक काढला तर आवाज कमी व्हायचा नाही, चाल बदलायची.

मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये यांच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग झालं, ते त्याच वर्षी बाहेर आलं आणि नाव झालं. 29 ऑक्टोबर 1971 ला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय 24. म्हणजे आपल्यातल्या एम.ई. करणाऱ्यांएवढा. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्याच गावात, तिथून जवळच, ओकलीही मोटारसायकलवरच गेला. बँड तरी चालला. डिकी बेट्सने तो ओढला असं म्हणायला हरकत नाही. मग फुटला, जमला, परत फुटला, 1989 ला परत जमला. तेव्हा वॉरन हेन्स नावाचा गिटारवाला आला. 1997 ला तोही सोडून गेला. 1999 मध्ये वीस वर्षांचा डेरेक ट्रक्स आला, बुचचा पुतण्या. आणि 2000 साली बाकीच्या जुन्या मंडळींनी खुद्द डिकी बेट्सलाच बाजूला केलं. निरोप फॅक्सने गेला! तीस वर्षांच्या मैत्रीत फॅक्स. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. पण वाईट वाटतं एवढं खरं. 2001 मध्ये हेन्स परत आला.

आता प्रॉब्लेम स्टेटमेंट नीट मांडू. या बँडची ओळख म्हणजे दोन लीड गिटार. त्या दोन खुर्च्या ड्वेन आणि डिकीच्या. 2003 साली दोन्ही खुर्च्यांवर दुसरीच माणसं. जुनी गाणी हुबेहूब वाजवून पोट भरलं असतं, लोक आलेच असते. नऊ वर्षं नवा स्टुडिओ अल्बमही नव्हता. अशा वेळी नवी गाणी करायची म्हणजे तुलना ओढवून घेणंच.

हे समजायला स्लाइड गिटार समजली पाहिजे. म्हणून एक छोटं प्रॅक्टिकल.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेट पुढे गेलं की कंप्रता 1.0595 पट होते, म्हणजे दोनाचं बारावं मूळ. बारा फ्रेट झाले की बरोबर दुप्पट. गणित सुंदर आहे, पण त्यात एक तडजोड आहे. 220 हर्ट्झचा सा धरला तर नैसर्गिक शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 275. गिटारचं फ्रेट देतं सुमारे 277. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला दोनेक बीट्स ऐकू येतात, बारावीच्या फिजिक्समधल्या त्याच. कोमल गंधाराचं फ्रेट 262 च्या आसपास. आणि ब्लूज गाणाऱ्याचा गंधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, दुखरा. त्याला फ्रेटच नाही!

स्लाइडवाला काय करतो, तर बोटात काचेची नळी घालून ती तारेला नुसती टेकवतो. तार फ्रेटपर्यंत दाबायचीच नाही. मग तार हव्या त्या लांबीची करता येते, सूर घसरत आणता येतो. आपण ज्याला मींड म्हणतो तेच. स्वातंत्र्य पूर्ण, आणि जबाबदारीही. डेरेक वाजवतो त्या प्रकारच्या एसजी गिटारवर तार साधारण 628 मिलिमीटरची. बाराव्या फ्रेटवर, 220 च्या सुराला, नळी एक मिलिमीटर चुकली की पाऊण हर्ट्झ इकडेतिकडे. वर जाल तशी चूक अजून महाग. ज्याचा कान कच्चा त्याने या वाटेला जाऊ नये.

ड्वेनची नळी म्हणजे सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. ग्रेगने सांगितलेली गोष्ट अशी, की वाढदिवसाला ड्वेन सर्दीने आजारी होता. ग्रेगने त्याला गोळ्यांची बाटली आणि एक रेकॉर्ड दिली. रेकॉर्ड ताजमहाल नावाच्या गायकाची. (होय, नाव खरंच ताजमहाल, माणूस अमेरिकन.) ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुतलं आणि वाजवायला लागला. 1970 मध्ये डेरेक अँड द डॉमिनोज या बँडच्या 'लायला' अल्बमवर एरिक क्लॅप्टनच्या जोडीला तोच होता. आणि त्याच बँडवरून 1979 साली जन्मलेल्या पुतण्याचं नाव डेरेक ठेवलं गेलं. विचार करा, पोराच्या बारशातच ड्वेन हजर!

असा पोरगा ड्वेनची नक्कल करणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पण त्याने ऐकलं बरंच काही. कॅलिफोर्नियात सॅन राफाएलला उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचं संगीत विद्यालय आहे, तिथे तो शिकायला गेला. सरोदला पडदे नसतात, गुळगुळीत धातूचा पत्रा असतो, त्यावर सूर घसरतच येतो. पुढे 2006 च्या स्वतःच्या 'साँगलाइन्स' अल्बमवर त्याने नुसरत फतेह अली खाँचीही रचना वाजवली. म्हणजे काचेची नळी ड्वेनची, पण सुराकडे जायचा रस्ता दुसरा. ड्वेन सुरावर झडप घालतो. डेरेक आजूबाजूला रेंगाळतो, आपला गवई गंधारावर बसण्याआधी रेंगाळतो तसा, आणि मग बसतो.

आता अल्बम. पहिलं गाणं 'फायरिंग लाइन', दणकून. लगेच कळतं की दोन्ही ड्रमर जागे आहेत. पण खरा धडा तिसऱ्या गाण्यात, 'डेस्डेमोना'. ग्रेगचा आवाज ऐका. उधळलेलं आयुष्य, दारू, ड्रग्ज, मग 1990 च्या दशकात सुटका, सगळं त्या आवाजात आहे. गाणं संथ चालतं आणि मध्येच लय उचलून जाझच्या अंगाने तीनच्या ठेक्यात झुलायला लागतं. तिथे दोघांची गिटार येते. डेरेक आधी की वॉरन, हे चिठ्ठीवर लिहा आणि मग मला विचारा. पाच वेळा ऐकलं की आपोआप ओळखू येतं.

'इन्स्ट्रुमेंटल इलनेस' बारा मिनिटांहून मोठं आणि शब्दाविना. हे महत्त्वाचं, कारण शब्दाविनाच्या रचना हे डिकी बेट्सचं खातं होतं, 'जेसिका' त्याचीच. त्याच्या जागी हेन्स आणि बेसवाला ओटील बर्ब्रिज यांनी रचना केली, आणि ती 'जेसिका'सारखी अजिबात नाही. तिरकी आहे, अवघड आहे, पहिल्यांदा ऐकताना मला आवडलीही नव्हती. रूम पार्टनरला अजून आवडत नाही.

सगळंच थोर आहे असं नाही. अल्बम सव्वा तासाच्या आसपास आहे, दोन गाणी कमी चालली असती. 'मेडेल' ठीकठाक. रोलिंग स्टोन्सचं 'हार्ट ऑफ स्टोन' कशाला घेतलं, कळत नाही. 'रॉकिन हॉर्स' तर हेन्सच्या दुसऱ्या बँडने, गव्हर्न्मेंट म्यूलने, 1995 मध्येच वाजवलं होतं. पण दोन्ही लावून बघा, इथे ग्रेग गातो आणि घोडा वेगळाच निघतो.

'हिटिन द नोट' हा शब्दप्रयोग बँडच्या घरातला, ओकलीच्या वेळचा. सगळे एकत्र वाजवताना एक क्षण येतो, कोण काय वाजवतोय हे विसरायला होतं, त्याला ते तसं म्हणायचे. गेलेल्या माणसाचा शब्द त्यांनी शीर्षकाला घेतला आणि त्याखाली अकरा गाणी ठेवली, त्यातली बहुतेक नवी.

यानंतर स्टुडिओ अल्बम झालाच नाही. 28 ऑक्टोबर 2014 ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. तो मध्यरात्र ओलांडून गेला, म्हणजे ड्वेनच्या तारखेत शिरला. 2017 मध्ये बुच गेला, मग ग्रेग. 2024 ला डिकी बेट्सही गेला, आणि मूळच्या सहांपैकी एकटा जेमो उरला.

अल्बमचं शेवटचं गाणं 'ओल्ड फ्रेंड'. त्यात ड्रम नाहीत, ऑर्गन नाही, ग्रेगही नाही. नुसते हेन्स आणि डेरेक, साध्या लाकडी गिटार घेऊन. हे ऐकताना पंखा बंद करा, नाहीतर नळी तारेवर घासल्याचा आवाज ऐकू येत नाही. ज्युनियर, तुझ्यासाठी खोकल्याच्या औषधाची एक काचेची बाटली धुऊन ठेवली आहे. रविवारी ये. तुझी गिटार आण, सिनियरची नोटेशनची वही आणू नकोस.